विचारा, सांगते : मासा जाळ्यातून आरपार का जातो?

या महिन्यात पाच पत्रं घेतली आहेत. पाचही गेम बनवायला शिकणाऱ्या मुलांची किंवा त्यांच्या घरच्यांची. हर्णैचं पत्र वाचून झाल्यावर मी आलेखाची वही काढून ओटीवर बसले ती दिवेलागणीलाच उठले, त्यामुळे त्या पत्राला हवी तेवढी जागा दिली आहे. बाकीच्यांना उत्तर छोटं वाटलं तर पुन्हा लिहा, मी वाट बघेन.

*

ताई, मी नववीत आहे, हर्णैला राहतो. बाबा बोटीवर असतात. दिवाळीच्या सुट्टीत मी पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आणि तिच्यात गेम बनवायचं साधन पायगेम शिकून मासे पकडायचा गेम केला. उजवीकडून मासे येतात, डावीकडे उभं जाळं आहे, ते बाणांच्या बटणांनी वरखाली करायचं. दादाच्या लॅपटॉपवर छान चालला. शाळेतल्या जुन्या संगणकावर लावला तर मासे गोगलगायीसारखे सरकायला लागले. एका व्हिडिओत सांगितलं होतं तसं वेगाला वेळेने गुणलं, मग दोन्हीकडे वेग सारखा झाला. पण आता शाळेच्या संगणकावर मासे जाळ्यातून आरपार जातात. सगळे नाही, काही. मी जाळं एका जागी धरून मोजलं. ३० मासे बरोबर जाळ्यावर आले, त्यातले ११ निसटले. लॅपटॉपवर एकही निसटत नाही. माशाच्या तोंडाशी ६ पिक्सेलचा, म्हणजे पडद्यावरच्या ६ ठिपक्यांचा, चौकोन आहे, तो जाळ्यावर आला तरच मासा पकडला असं धरतो, कारण बाबा म्हणाले मासा कल्ल्यात अडकतो, शेपटीने नाही. जाळं ४ पिक्सेल जाड आहे. वेग सेकंदाला ३०० पिक्सेल. लॅपटॉप सेकंदाला ६० चित्रं काढतो, शाळेचा संगणक २०. मित्र म्हणतो संगणकच बिघडलाय. मी पायथन सोडून दुसरं काही शिकू का?

नको सोडूस. संगणकही धड आहे. तू ३० मासे मोजलेस आणि सगळे आकडे लिहून पाठवलेस, म्हणून मला इथे गुहागरात बसून तुझा गेम न बघता सांगता येतंय की काय होतंय. अशी पत्रं फार कमी येतात. बहुतेक जण लिहितात, ‘गेम चालत नाही, काय करू?’ आणि मग मला काहीच करता येत नाही.

आधी तू बरोबर काय केलंस ते सांगते. तुझ्या पहिल्या गेममध्ये मासा दर चित्राला ५ पिक्सेल सरकत होता. ६० चित्रं काढणाऱ्या लॅपटॉपवर त्याचे सेकंदाला ३०० झाले, २० चित्रं काढणाऱ्या संगणकावर १००. म्हणजे माशाचा वेग मासा ठरवत नव्हता, संगणक ठरवत होता. दोघांनी एकाच होडीला आळीपाळीने वल्हं मारावं आणि आपण अंतर फटक्यांवर मोजावं, तसं ते होतं. एक जण मिनिटाला वीस फटके मारतो, दुसरा चाळीस, मग होडी पलीकडे कधी लागणार हे वल्हं कोणाच्या हातात आहे त्यावर. तू हिशोब फटक्यांवरून काढून घड्याळावर नेलास. मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते विचारायचं आणि तेवढंच माशाला सरकवायचं:

तोंड = तोंड - वेग * काळ

(या ओळी तू मराठीतच लिहू शकतोस. पायथनची तिसरी आवृत्ती चलांची नावं देवनागरीत घेते. आकडे मात्र इंग्रजीच लागतात, ३०० असं देवनागरीत लिहिलंस तर ती तक्रार करेल. माझ्या वर्गातली मुलं ‘वेग’, ‘जाळं’, ‘गुण’ अशीच नावं देतात आणि महिन्याभराने आपलाच प्रोग्राम उघडला तरी त्यांना तो वाचता येतो.)

हा घड्याळाचा धडा मी उशिरा शिकले. १९९७ साली कॉलेजात असताना मी टर्बो सी नावाच्या प्रोग्राम लिहायच्या साधनात सापाचा गेम लिहिला होता. साप फार पळायचा, म्हणून दोन पावलांच्या मध्ये संगणकाला नुसतंच ३०,००० पर्यंत मोजायला लावलं होतं. आमच्या जुन्या, हळू ३८६ संगणकावर साप छान डुलत चालायचा. मग परीक्षकांसमोर दाखवायची वेळ आली आणि मला नवा, वेगवान पेंटियम संगणक दिला. त्याने ते ३०,००० एवढ्या झटक्यात मोजले की मी बटणावर बोट ठेवायच्या आत साप भिंतीवर आपटला. तीनदा लावला, तीनदा तेच. परीक्षक चांगले होते, म्हणाले, ‘प्रोग्राम बरोबर आहे, फक्त घड्याळ बघत नाही.’ त्या काळच्या बऱ्याच संगणकांच्या पेटीवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं. नावावरून वाटतं की संगणक पळवायला असेल, पण त्याचा खरा उपयोग नवा संगणक हळू करण्यासाठी व्हायचा, कारण माझ्या सापासारखे जुने गेम वेगवान यंत्रावर खेळताच यायचे नाहीत.

आणि १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बघ. जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. त्यात वरून परग्रहावरच्या प्राण्यांच्या रांगा खाली येतात. सुरुवातीला ते इतके असतात की यंत्राला सगळे काढता काढता वेळ लागतो. एकेक पडत गेला की काढायचं काम कमी होतं आणि उरलेले जास्त जोरात पळतात. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, कारण खेळ शेवटाकडे अवघड होत जाणं त्यांना आवडलं. तुझी आधीची गोगलगाय आणि त्यांचे पळणारे प्राणी, दोन्ही एकाच कारणाने.

आता आरपार जाणारे मासे. गोगलगाय होती तेव्हा शाळेतही मासे निसटत नव्हते, आठवतंय? तिथेच उत्तर आहे. तेव्हा मासा एका चित्रात ५ पिक्सेल जायचा. आता वेग सेकंदाला ३०० आहे आणि चित्रं २०, म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये मासा १५ पिक्सेलची उडी मारतो. लॅपटॉपवर अजूनही उडी ५ चीच आहे.

आलेखाची वही घे, ज्यात बारीक मिलिमीटरचे चौकोन असतात ती. एक मिलिमीटर म्हणजे एक पिक्सेल. ४ मिलिमीटर रुंद उभा पट्टा रंगव, ते जाळं. कागदाचा ६ मिलिमीटरचा तुकडा काप, ते माशाचं तोंड. तो तुकडा उजवीकडे ठेव आणि १५-१५ मिलिमीटरच्या उड्या मारत डावीकडे ने. दर उडीनंतर बघ, तुकडा पट्ट्यावर आला का? मग सुरुवात एक मिलिमीटर सरकवून पुन्हा कर, असं १५ वेळा. मी केलं. नऊ वेळा तुकडा पट्ट्यावर टेकला आणि सहा वेळा पट्टा न शिवता पलीकडे गेला. (तोंड ६ आणि जाळं ४ मिळून १० जागा व्हायला हव्यात असं वाटेल, पण नुसती कड कडेला लागली तर पायगेम ती टक्कर धरत नाही, म्हणून ९.) पंधरातले सहा निसटले, तर तिसांतले बारा निसटायला हवेत. तू मोजलेस अकरा. मासे वेगवेगळ्या जागेवरून निघतात, त्यामुळे एखाददुसरा इकडेतिकडे होणारच.

तुझ्या जाळ्याला भोक नाही. दोन चित्रांच्या मधल्या वेळेला आहे.

तुझ्या घराजवळ पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, असेल. समज, तू पाखाडीकडे बघत बसलायस आणि मुंगूस उजवीकडच्या गडग्याजवळ दिसलं. तू डोळे मिचकावलेस. उघडून बघतोस तर मुंगूस डावीकडच्या करवंदीत. पाखाडीवर तू ते पाहिलंच नाहीस, पण ‘मुंगसाने पाखाडी ओलांडली नाही’ असं तू म्हणशील का? तुझा प्रोग्राम तसंच म्हणतोय. डोळे उघडे असताना मुंगूस पाखाडीवर आहे का, एवढंच तो विचारतो. त्याला विचारायला लाव, मघाशी कुठे होतं आणि आता कुठे आहे.

म्हणजे मासा सरकवण्याआधी जुनी जागा जपून ठेव:

मागचं = तोंड
तोंड = तोंड - वेग * काळ

मग जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत पसरलेला एक लांब चौकोन धर आणि तो जाळ्यावर आला का ते बघ. पायगेममध्ये दोन चौकोनांना कवेत घेणारा मोठा चौकोन करायची ‘यूनियन’ नावाची सोय तयारच आहे. तुझे मासे सरळ आडवे जातात, म्हणून हे अगदी बरोबर बसेल. पुढे कधी तिरके पोहणारे मासे केलेस तर हा लांब चौकोन गरजेपेक्षा मोठा होईल आणि जाळ्याच्या टोकावरून निसटलेला मासाही पकडला गेल्यासारखा दिसेल. तेव्हा दुसरा उपाय लागेल.

दुसरा उपाय म्हणजे मोठी उडी छोट्या पावलांत तोडायची. शाळेचा संगणक एका चित्राला सेकंदाचा विसावा भाग घेतो. तेवढ्या वेळाचे सहा तुकडे कर, प्रत्येक सेकंदाच्या १२०व्या भागाएवढा. प्रत्येक तुकड्यात माशाला फक्त २.५ पिक्सेल सरकव आणि जाळं तपास. सहा वेळा सरकव, सहा वेळा तपास, मग एकदाच चित्र काढ. जुन्या संगणकाला जड जातं ते चित्र काढणं. बेरजा-वजाबाक्या तो सहाच काय, साठ वेळाही सहज करेल. एक काळजी घे: खिडकी ओढताना किंवा संगणक क्षणभर अडकला तर मधला वेळ दोन सेकंदांचाही होऊ शकतो आणि मग २४० तुकडे एकदम करावे लागतील. म्हणून कितीही वेळ गेला तरी सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त धरायचा नाही असं ठरवून टाक.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः दोन दिवस अडकले होते. पायगेमचा चौकोन फक्त पूर्ण आकडे ठेवतो. त्याच्या जागेतून थेट २.५ वजा केलेस तर १०० चे ९७.५ होतात आणि तो अर्धा टाकून ९७ ठेवतो. पुढच्या पावलाला ९४. म्हणजे डावीकडे जाणारा मासा २.५ ऐवजी दर पावलाला ३ सरकतो, आणि उजवीकडे जाणारा फक्त २. एकाच वेगाचे दोन मासे, एक जोरात, एक हळू, आणि आपण डोकं धरून बसतो. म्हणून खरी जागा वेगळ्या चलात दशांशासकट ठेव आणि चौकोनाला ती फक्त दाखवायला दे.

आधी पहिला उपाय कर. तो चार-पाच ओळींत होतो आणि कारण नीट डोक्यात बसतं. तो चालला, तू पुन्हा ३० मासे मोजलेस, की मगच दुसऱ्याला हात घाल.

शिवाय शाळेच्या संगणकावर २० च चित्रं का निघतात तेही बघ. माशाचं चित्र फाइलीतून उचलायची ओळ गेमच्या फेऱ्याच्या आत आहे का? असेल तर प्रत्येक चित्रासाठी संगणक तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडतोय. ती ओळ फेऱ्याच्या बाहेर, अगदी सुरुवातीला ने. आणि चित्र उचललं की लगेच ‘कन्व्हर्ट’ करून घे, म्हणजे ते पडद्याला सोयीच्या रूपात तयार राहतं. शिकाऊ मुलांच्या गेममध्ये ही चूक मला इतक्या वेळा सापडली आहे की मी आता सगळ्यात आधी तीच शोधते.

हे सगळं जमलं की एक गंमत करून बघ. खऱ्या जाळ्याला आस असतो, म्हणजे विणीतलं भोक, आणि आसापेक्षा लहान मासा त्यातून जातो, जायलाच हवा. तुझ्या गेममध्ये जाळ्याच्या आसाचा आकार ठेव आणि त्याहून बारीक पिल्लांना जाऊ दे. आज निसटतात ते संगणकाच्या उडीमुळे. उद्या कोण निसटेल हे तू ठरवशील. आसाचा आकार किती धरायचा ते बाबांना विचार, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. आणि मला कळव, मी खरोखर वाट बघतेय.

*

मी आठवीत आहे, देवगड तालुक्यातून लिहितोय. आंबे चोरणाऱ्या माकडाचा गेम स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करतात त्यात, केला होता, तो पायगेममध्ये पुन्हा करतोय. माकडाला उडी मारायला सांगितली की ते जमिनीत जातं. ओळ तीच आहे, वरच्या जागेत १० मिळवायचे.

स्क्रॅचच्या पडद्यात शून्य मधोमध असतो आणि वर गेलं की आकडा वाढतो, गणिताच्या पुस्तकातल्यासारखा. पायगेममध्ये शून्य डाव्या-वरच्या कोपऱ्यात असतो आणि खाली गेलं की आकडा वाढतो. तू १० मिळवलेस, माकड खाली गेलं. १० वजा कर.

असं उलटं का, तर जुन्या काचेच्या पडद्यांवर चित्र वरून खाली, डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने उमटायचं, आणि संगणक त्याच क्रमाने ठिपके मोजू लागला. आपण वहीत लिहितो तसंच. पहिली ओळ वर, दुसरी तिच्या खाली.

माकड उडी मारून झाडावरच तरंगत राहिलं तर घाबरू नकोस, खाली ओढणारा जोर अजून घातलेला नाहीस एवढंच. उडीचा वेग दर पावलाला थोडा थोडा खालच्या दिशेने वाढवत जा.

*

माझी मुलगी सातवीत आहे. आम्ही राजापूरजवळ राहतो, तिचे बाबा मुंबईला असतात. घरात एकच फोन आहे. शाळेतून आली की ती फोन घेऊन बसते आणि म्हणते, मी गेम बनवतेय. तिच्या बाबांना वाटतं ती खेळतेच आहे. मला त्यातलं कळत नाही. फोन काढून घेऊ का?

ताई, काढून घेण्याआधी एक करून बघा. चहा घेऊन तिच्या शेजारी बसा आणि विचारा, ‘आज काय चुकलं?’ खेळणारं मूल सांगतं की मी अमुक पायरीपर्यंत पोचले. बनवणारं मूल सांगतं की कावळा भिंतीतून जातो, गुण दोनदा वाढतात, आवाजच येत नाही. मग तिला म्हणा, माझ्यासमोर कावळ्याचा रंग बदलून दाखव, नाहीतर त्याला हळू कर. ती खरंच बनवत असेल तर दोन मिनिटांत करेल आणि तिचा चेहरा तुम्हाला सगळं सांगेल. त्यासाठी तुम्हाला त्यातलं काही कळावं लागत नाही.

आणि ती खेळतच असेल, तर तेही तिथेच कळेल. तेव्हा ओरडू नका. ‘तू खेळतेस त्यातला कावळा तुला करता येईल का?’ असं विचारा. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या मुलांची सुरुवात तिथूनच झाली आहे.

फोनवर काम होत नाही असं नाही. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ नावाचं अ‍ॅप घेतलं की पायथन चालतं, त्यात पायगेमही चालतं. स्क्रॅच मात्र मोठ्या पडद्यावर बरं. ते अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मुलांसाठीच तयार झालं आणि २००७ पासून सगळ्यांना फुकट मिळतं, पण लहान फोनवर त्यातले ठोकळे बोटाने ओढताना मूल रडकुंडीला येतं. शाळेत संगणक असेल तर सरांना सांगून त्यावर स्क्रॅच टाकून घ्या. एकदा उतरवून घेतलं की ते इंटरनेट नसतानाही चालतं, आणि आपल्याकडे रेंज कशी असते ते तुम्हाला मी काय सांगणार. फोनवरच करायचं झालं तर साधा कीबोर्ड ओटीजी केबलने फोनला जोडता येतो. टायपिंग फार सोपं होतं आणि मानही जरा वर राहते.

एक सांगू? फोन रोज ठराविक वेळच द्या, पण त्याआधी अर्धा तास वहीत काम करायला लावा. कावळा कुठून येणार, कशाला टेकला की काय होणार, गुण कधी वाढणार, हे सगळं चित्रं काढून. माझ्या वर्गातली एक मुलगी वजा आकड्यांना फार घाबरायची. तिच्या गेममध्ये होडी डावीकडे न्यायची तर वेग वजा करावा लागतो हे तिने स्वतः शोधून काढलं. वेगाच्या आधी वजाचं चिन्ह टाकलं, होडी मागे वळली, आणि ती ‘बाई, वजा म्हणजे उलट!’ असं ओरडत उठली. पुढे गणिताच्या तासाला तिने बोट वर केलं. तिच्या बाबांना हे कळवा, आणि ते गणपतीला घरी येतील तेव्हा मुलीला तिचा गेम त्यांना दाखवू द्या. खेळायला नाही, समजावून सांगायला.

*

मी बारावी झालोय, मालवणचा. शहरातल्या एका क्लासने सहा महिन्यांत गेम डेव्हलपर करू असं सांगितलंय. फी ६५,००० रुपये, नोकरीची हमी म्हणतात. आजोबा म्हणाले, कलमांचे पैसे आले की भरू. भरू का?

आत्ता नको. आजोबांचे पैसे आहेत, म्हणून मी स्पष्ट लिहिते. हमी कागदावर काय शब्दांत आहे ते वाचून घे, नोकरी नाही लागली तर पैसे परत मिळतात का ते लेखी माग, आणि मागच्या तुकडीतल्या दोन मुलांशी तू स्वतः बोल. तिन्हीपैकी एकालाही टाळाटाळ झाली तर विषय संपला.

त्याआधी तीन महिने घरी काम कर. गोडो नावाचं गेम बनवायचं साधन पूर्ण फुकट आहे, २०१४ पासून त्याचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला आहे, आणि त्यातली भाषा पायथनसारखीच दिसते. वर हर्णैच्या मुलाला जे सांगितलं ते गोडोमध्ये आधीपासून वेगळं करून ठेवलेलं सापडेल. एक काम दर चित्राला होतं, आणि दुसरं ठरलेल्या पावलांनी, आपण बदललं नाही तर सेकंदाला ६० वेळा. टकरी दुसऱ्यात तपासायच्या. त्या मुलाचं पत्र वाचून हे का, ते समजून घे, मग गोडो उघड. ज्याला कारण माहीत असतं तो अडकला तरी बाहेर येतो.

मोठा गेम घेऊ नकोस. १९७२ मध्ये अटारी कंपनीत नव्याने लागलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांना हात बसावा म्हणून एक सरावाचं काम दिलं होतं, दोन फळ्या आणि एक चेंडू. तोच ‘पाँग’. तू पाँग कर. गुण, आवाज, सुरुवातीचा पडदा, संपल्याचा पडदा, सगळं. मग तो गावातल्या पाच मुलांच्या हातात दे आणि मागे गप्प उभा राहा. कुठे अडतात ते लिहून घे आणि तेवढं दुरुस्त कर. असे तीन छोटे गेम पूर्ण झाले की मला लिही. तेव्हाही क्लास हवासा वाटला तर कुठल्या गोष्टीसाठी पैसे भरायचे हे तुला नेमकं माहीत असेल.

*

वेंगुर्ल्याहून लिहितेय. दहावीत आहे. शिरोड्याच्या समुद्रातल्या डॉल्फिनचा गेम करत होते, दीड महिन्याचं काम. जुलैत सेव्ह करतानाच लाईट गेली. संगणक चालू केल्यावर फाइल उघडते पण कोरी आहे. परत मिळेल का? आता हातच लावावासा वाटत नाही.

बाळ, फार वाईट वाटलं. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली की जुनी पुसलेली असते आणि नवी पूर्ण उतरलेली नसते, म्हणून ती कोरी दिसते. तू ज्यात लिहीत होतीस तो एडिटर उघडून बघ, काही एडिटर मधल्या प्रती आपोआप ठेवतात. गेम कुणाला पाठवला होतास का? मैत्रिणीच्या फोनमध्ये, शाळेच्या संगणकावर, एखादी जुनी प्रत? जुनी असली तरी चालेल. आणि नाहीच मिळाली, तर दीड महिन्याचं काम पुन्हा करायला दीड महिना लागत नाही. अवघड भाग तू एकदा सोडवलेला आहेस, तो तुझ्या डोक्यात आहे. आठवतंय तेवढं आजच वहीत लिहून काढ, नुसत्या शब्दांत, म्हणजे उद्या सुरुवात कोऱ्या पडद्यापासून होणार नाही.

वर मी सापाच्या गेमचं सांगितलं. तो आज माझ्याकडे नाही. कॉलेजातून आणलेल्या फ्लॉप्या मी कपाटात ठेवल्या होत्या आणि एका पावसाळ्यानंतर काढल्या तर आतल्या चकतीवर पांढरी बुरशी. सापाची फ्लॉपी त्यातच होती, तिची दुसरी प्रत नव्हती. पुढच्या जूनपासून आईने माझ्या उरलेल्या फ्लॉप्या पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला घेतल्या, वर चुलीजवळच्या फळीवर नाही, आतल्या खोलीत. त्या सगळ्या नंतर उघडल्या.

आता तुझ्यासाठी. दर दिवशी काम सुरू करताना कालची फाइल तशीच ठेव आणि तारखेच्या नावाने नवी प्रत कर. आजची कोरी झाली तरी कालची हातात राहते. पुढे गिट नावाचं साधन शीक. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बनवणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते केलं, आणि ते प्रत्येक टप्पा आठवणीत ठेवतं. पण त्यासाठी थांबू नकोस, तारखांची नावं आजपासून पुरेत. आठवड्यातून एकदा सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरव, आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नकोस. आपल्याकडे वीज कडाडली की लावलेलं सगळं एकदमच जातं. काढून घे आणि पापडाच्या डब्यात ठेव.